कोल्हापूरची डीपी शीट क्यूजीआयएसमध्ये बसवताना

आपल्या गल्लीतून डीपी रोड (डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा) जातो का, शेजारच्या मोकळ्या जागेवर आरक्षण आहे का, पूररेषा कुठवर येते, ही माहिती वेगवेगळ्या नकाशांवर असते. ते एकावर एक ठेवल्याशिवाय काही कळत नाही. क्यूजीआयएस हे नकाशे असे एकावर एक बसवण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

तुमच्या भागाची डीपी शीट (आराखड्याचा नकाशा) रंग-खुणांच्या सूचीसह मिळवा. पीडीएफ असेल तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) टिफ चित्र करा. घडी पडलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊ नका, कडेच्या रेषा वाकतात आणि ती वाक पुढे निघत नाही.

प्रोजेक्टचं सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) ईपीएसजी ३२६४३ ठेवा (यूटीएम ४३ उत्तर, कोल्हापूर त्यातच येतं). मग 'लेयर' मेनूतून 'जिओरेफरन्सर' (शीट खऱ्या जागेवर बसवणारं साधन) उघडा.

खरं काम खुणेच्या बिंदूंचं, म्हणजे शीटवर आणि उपग्रह चित्रात दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागांचं. आठ-दहा बिंदू घ्या, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पसरलेले. शिवाजी पुलाची टोकं, रंकाळ्याच्या बांधीव काठाचे कोपरे चांगले. पंचगंगेचा काठ नको, पाणी सरकतं. उंच इमारतीचा माथाही नको, उपग्रह चित्रात तो कललेला असतो, पायथा धरा. सगळ्यात जास्त फसगत चौकात होते. शीटवर रस्त्याची प्रस्तावित रुंदी असते, जागेवर मात्र जुनाच रस्ता. रुंदीकरणाच्या रेषेवर क्लिक केलं की अख्खी शीट काही मीटर सरकते. म्हणून शीटवरच प्रस्तावाखाली छापलेल्या मूळ नकाशातली सिटी सर्व्हेची रेषा पकडा.

ट्रान्सफॉर्मेशन (शीट ताणून बसवण्याची पद्धत) 'पॉलिनॉमियल १' ठेवा. तीनच बिंदू दिले तर तक्त्यात चूक शून्य दिसते, पण तो नुसता भास आहे. तपासायला चौथा बिंदूच नसतो. 'थिन प्लेट स्प्लाइन'मध्येही चूक अशीच झाकली जाते. १:४००० च्या शीटवर १ मिमी म्हणजे ४ मीटर, आणि ३०० डीपीआयला एक पिक्सेल सुमारे ३४ सेंमी. सात-आठ पिक्सेलची चूक चालेल. एखादाच बिंदू तीस पिक्सेलची चूक दाखवत असेल तर तो पुन्हा क्लिक करा.

आरक्षणं गिरवताना जिओपॅकेज या फाइल प्रकारात सेव्ह करा. शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव दहा अक्षरांवर तुटतं आणि मराठी मजकुराचा बऱ्याचदा चुरा होतो.

पूररेषेबाबत एक गोंधळ कायम होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी म्हणजे नकाशावरची निळी-लाल पूररेषा नव्हे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, ते हवं तर तिसऱ्या लेयरवर वेगळं काढा. ते काम मोलाचं आहे, पण त्या लेयरला पूररेषा म्हणू नका.

दोन-तीन मीटरची ढील राहतेच. रेषा तुमच्या भिंतीला टेकत असेल तर स्क्रीनवर विसंबू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. अर्जात सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरासोबत ए ते ई यांपैकी वॉर्डाचं अक्षर लिहा, ते राहिलं तर अर्ज परत येऊ शकतो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात. हरकतीला १:१००० ची प्रिंट जोडा. तिच्यावर उत्तर दिशा, मोजपट्टी, शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि बाधित जागेचं चौरस मीटरमधलं क्षेत्र असू द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.