ट्रॅक्टरला ऑटो-स्टिअरिंग बसवायचंय? निम्मं काम मुंबईतच उरका

नोकरी मुंबईत आणि शेत गावाकडे असेल, तर ट्रॅक्टरपाशी मिळणारे दोन दिवस वायरी शोधण्यात घालवू नका. ऑटो-स्टिअरिंग म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवरून ट्रॅक्टर आपोआप सरळ रेषेत वळवत नेणारी यंत्रणा. तिचं किट (अँटेना, स्क्रीन, मोटर, सेन्सर) आधी घरी आणून जुळवा.

मात्र खरेदीआधी ट्रॅक्टर नीट बघा. 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि अशा बऱ्याच इंजिनांचं डिझेल इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटकडे गेलं. पण इंजिन इलेक्ट्रॉनिक म्हणून स्टिअरिंगही तसंच, असं नसतं. आपल्याकडे ते बहुधा साधं हायड्रॉलिकच असतं. अशा ट्रॅक्टरला स्टिअरिंगच्या दांड्यावर बसणारी मोटर घ्यावी. हायड्रॉलिक नळ्यांना हात लावावा लागत नाही. दांड्याच्या खाचा मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा अडॅप्टर विचारूनच घ्या. कंपनीतूनच विजेवर चालणारा स्टिअरिंग व्हॉल्व्ह आला असेल, तरच कॅन-बसवरून (ट्रॅक्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या वायरींवरून) चालणाऱ्या किटचा विचार करा.

फ्यूज, जाड वायर, पाणी न शिरणारे कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतील. मग अँटेना गच्चीवर न्या. खाली बिल्डिंगांच्या गर्दीत सिग्नल भिंतींवर आपटून येतात, तिथली चाचणी फसवी. नुसत्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. आरटीके दुरुस्तीने, म्हणजे जागा पक्की माहीत असलेल्या स्टेशनकडून येणाऱ्या सुधारणेने, ती दोन-तीन सेंटिमीटरवर येते. ही दुरुस्ती इंटरनेटवरून मिळते, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स या कायम चालू असणाऱ्या स्टेशनांच्या जाळ्यातूनही. स्क्रीनवर ‘फ्लोट’ (अंदाजे जागा) जाऊन ‘फिक्स’ (पक्की जागा) येईपर्यंत थांबा. शेतात मोबाईलला रेंज आहे का, हे गावातल्या कुणाला तरी आधीच बघायला सांगा. नसेल तर स्वतःचं बेस स्टेशन आणि रेडिओ लागेल.

गावी गेल्यावर वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्या. कंट्रोल युनिटच्या वायरिंगमध्ये मध्येच जोड मारू नका. बिघाड होऊ शकतो, वॉरंटीही जाऊ शकते. ब्रॅकेटचं वेल्डिंग ट्रॅक्टरवर करायचंच असेल तर आधी बॅटरी सोडवा, कंट्रोल युनिटबद्दल मॅन्युअल काय म्हणतं तेही वाचा. शक्यतो नट-बोल्टच बरे.

आता मापं, आणि इथे घाई नको. अँटेना टपावर बरोबर मध्यावर बसवा. जमिनीपासूनची उंची, मागच्या आसापासूनचं अंतर, दोन्ही आसांमधलं अंतर टेपने मोजून स्क्रीनवर भरा. अँटेना अडीच मीटरवर असेल आणि ट्रॅक्टर पाच अंश कलला, तर ती सुमारे 22 सेंटिमीटर बाजूला सरकते. म्हणून कल मोजणारा सेन्सर सपाट जागेवरच शून्य करा. चाकाच्या कोनाचं कॅलिब्रेशन हवा भरलेल्या टायरवर, मोकळ्या रानात.

मोटर चालू असतानाही ड्रायव्हर सीटवरच हवा. हाताने व्हील धरल्यावर मोटर सुटते का, हे आधी हळू वेगात बघा. रस्त्यावर सिस्टीम बंद.

मग बांधालगत ए-बी रेषा (स्क्रीनवर दोन टोकं ठरवून काढलेली सरळ रेषा) आखून त्यावर एक फेरी मारा आणि त्याच रेषेवर उलट्या दिशेने परत या. दोन्ही खुणांत दहा सेंटिमीटर फरक आला, तर अँटेनाचं मध्यापासूनचं डावं-उजवं माप पाच सेंटिमीटरने बदला. पुन्हा मारून बघा. ट्रॅक्टर नागमोडी जात असेल तर स्टिअरिंगची तीव्रता थोडी उतरवा. खुणा जुळेपर्यंत पेरणीयंत्र जोडू नका.