मुलाला झटके येतायत आणि लहानपणी गोवर झाला होता? मग हे करा

शाळेतून तक्रार येते की अक्षर बिघडलं, पाढे विसरतोय. मग ताट हातातून पडतं, चालता चालता गुडघे मोडतात. अशा मुलाला वयाच्या दोन वर्षांच्या आत गोवर झाला असेल, तर एसएसपीईची, म्हणजे गोवराचा विषाणू मेंदूत राहून पुढे होणाऱ्या आजाराची, शंका आधी घ्या. गोवर आणि ही लक्षणं यांच्या मध्ये बहुधा ६ ते १० वर्षं जातात. मालेगावात २०२२च्या अखेरीस गोवराची साथ आली होती; तेव्हा गोवर झालेली तान्ही मुलं २०२८पासून या टप्प्यात येतील. त्यातल्या फार थोड्यांना हे होईल, पण ते ओळखता यायला हवं.

आधी मोबाइल काढा. जागं मूल उजेडात बसवून, पूर्ण अंग दिसेल असं सलग पाच मिनिटं शूटिंग करा. मान किंवा हात झटक्यात खाली जातो आणि काही सेकंदांनी तोच झटका पुन्हा येतो. घड्याळ लावून अंतर लिहा. झोपेत झटके बहुतेक थांबतात, तेव्हाच्या शूटिंगचा उपयोग नाही.

मग आजीला विचारा. ‘अंगावर उठलं होतं’ एवढ्यावर थांबू नका. पाण्याचे फोड असतील तर त्या कांजिण्या. ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून खाली उतरलेली पुरळ, तो गोवर.

आता तपासण्या. त्या कळायला आधी विषाणू मेंदूत काय करतो ते बघा. गोवराच्या विषाणूचं ‘एम’ प्रथिन नवे कण बांधून पेशीबाहेर काढतं. मेंदूत वर्षानुवर्षं राहिलेल्या विषाणूत या जनुकात बदल साठून एम निकामी होतं, कण बाहेर पडत नाहीत. इथे विषाणू संपायला हवा. पण ‘एफ’ प्रथिनातल्या बदलांमुळे पेशींचे पडदे सहज जुळतात आणि विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) एका चेतापेशीतून शेजारणीत सरकतो. वेगवेगळे बिघाड असलेले जीनोम, म्हणजे विषाणूचे पूर्ण जनुकसंच, एकत्रच सरकतात. एकात नाही ते दुसरा पुरवतो. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा!

म्हणून घशाच्या स्वॅबमध्ये काही सापडत नाही, आणि या मुलापासून कुणाला गोवर होत नाही. वेगळं ठेवू नका. प्रतिपिंडं मात्र भरपूर असतात, पेशीत दडलेल्याला ती गाठत नाहीत. नुसतं रक्त तपासून भागत नाही, लस घेतलेल्याच्या रक्तातही ती असतात. पाठीतलं पाणी आणि रक्त एकाच दिवशी देऊन दोन्हींतलं गोवराच्या प्रतिपिंडांचं प्रमाण ताडून घ्या. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) जागेपणी आणि झोपेत, निदान अर्धा तास. साधारण ४ ते १० सेकंदांनी येणारी मोठी लाट शोधायची असते. सुरुवातीला एमआरआय नॉर्मल येऊ शकतो, त्यावर समाधान मानून घरी परतू नका.

आयसोप्रिनोसिनने काही मुलांत आजाराचा वेग कमी होतो, झटक्यांवर वेगळी औषधं असतात. आजार मुळातून जात नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

गोवराच्या लसीचा विषाणू अशा मेंदूंत सापडलेला नाही, त्यामुळे लसीने हा आजार होईल ही भीती सोडा. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सुरगाणा-पेठहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्यांचा दुसरा डोस राहून जाऊ शकतो. कार्ड सोबत ठेवा, जिथे असाल तिथल्या आशाताईला दाखवा. चुकलेला डोस वयाच्या पाच वर्षांपर्यंत मिळतो. फोडून मिसळलेली कुपी चार तासांनी टाकून द्यावी लागते, म्हणून सत्राला सकाळीच जा.