नायजेरियात लागोसला नवीन आलात? आधी सिम स्वतःच्या नावावर घ्या

घर, गाडी, ड्रायव्हर हे सगळं कंपनी बघते. मोबाईल नंबरचं तेवढं आपलं आपल्यालाच बघावं लागतं. नवीन मंडळी ऑफिसातून मिळालेलं दुसऱ्याच्या नावाचं चालू सिम वापरायला लागतात. कृपा करून ते घेऊ नका. हरवलं, तर बदली सिम ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच मिळतं.

नोंदणीबाबत इथे हयगय चालत नाही. नोंदणी नसलेली सिम बंद केली नाहीत म्हणून २०१५ मध्ये एमटीएन या मोबाईल कंपनीला १.०४ लाख कोटी नायरांचा दंड झाला होता. पुढे तो ३३ हजार कोटींवर आला. डिसेंबर २०२० पासून सिमला एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय ओळख क्रमांक, जोडावा लागतो. दोन वर्षं किंवा जास्त राहणार असाल, तर परदेशी असूनही तो काढावाच लागतो. हा क्रमांक विसरलात तर *३४६# डायल करा.

सिम दोन ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची. वीज बेभरवशाची असल्याने बरेच टॉवर डिझेलवर चालतात आणि रस्ता खोदताना फायबर तुटते. एक नेटवर्क झोपलं तरी दुसरं चालतं. एअरटेल ओळखीचं वाटेल; २००१ साली एकोनेट नावाने सुरू झालेली हीच कंपनी, २०१० मध्ये आपल्या भारती एअरटेलकडे आली. बॅलन्स *३१०#, डेटा *३२३#. सगळ्या कंपन्यांना हेच कोड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बँक खातं बीव्हीएनला, म्हणजे बँकेच्या ओळख क्रमांकाला, आणि बीव्हीएन तुमच्या नंबरला बांधलेला असतो. सिमवरून १८० दिवस पैसे लागणारा कॉल, एसएमएस किंवा डेटा वापरला नाही, तर नंबर बंद होतो. आणखी १८० दिवस तसेच गेले, की तो दुसऱ्याला विकला जाऊ शकतो. मग तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर! नुसता बॅलन्स भरून ठेवल्याने नंबर वाचत नाही. बाळंतपण, आजारपण, मुलांच्या शाळा यांसाठी भारतात मुक्काम लांबतो आणि लोक हमखास इथेच फसतात.

म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या, बॅलन्स भरा, सिम ड्युअल सिम फोनमध्ये घाला आणि भारतातून दर महिन्याला एक एसएमएस पाठवा. कायमचं परतणार असाल, तर बँक खातं आधी बंद करा, सिम नंतर.