घड्याळ, नकाशा, जमीन: छोटं विमान शिकू पाहणाऱ्या मुंबईकरासाठी

मुंबईत राहून छोटं विमान उडवायला शिकायचं म्हटलं की पहिलं नाव जुहूचं निघतं, आणि ते साहजिकच आहे. देशातला पहिला नागरी विमानतळ १९२८ साली तिथे सुरू झाला. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. जे. आर. डी. टाटा या क्लबात शिकले, १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना देशातला एक क्रमांकाचा परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीची टपाल घेऊन अहमदाबादमार्गे ते उतरले तेही जुहूलाच. पण आज जुहूवर तुम्हाला दिसतील ती मुख्यतः हेलिकॉप्टरं. सांताक्रूझची धावपट्टी हाकेच्या अंतरावर, तिथली मोठी विमानं डोक्यावरून सतत येत-जात असतात. अशा आकाशात शिकाऊ माणसाने गोल गोल फेऱ्या मारायच्या कुठे? म्हणून क्लबाचं उड्डाण प्रशिक्षणही धुळ्याला हललं. शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया अशा ठिकाणीही प्रशिक्षण चालतं. थोडक्यात, मुंबईकराचा अभ्यास मुंबईत आणि उड्डाण बाहेरगावी.

मी नोकरी सांभाळून धुळ्याला शिकलो. नवीन लोक विचारतात तेव्हा एकच गोष्ट सांगतो: विमान जमिनीवर शिकायचं असतं आणि हवेत पडताळायचं असतं. हवेतला तास महाग असतो आणि तो झरझर जातो. तिथे बसून विचार करायला सुरुवात केली, तर विमान पुढे आणि आपण मागे अशी गत होते.

आधी कागदपत्रांचं थोडक्यात. हौसेसाठी उडवायचं असेल तर तुम्हाला पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना लागतो. या परवान्यावर पैसे कमावता येत नाहीत. त्यासाठी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना वेगळा, त्याला दोनशे तास आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं. पीपीएलला दहावी पास, वय १७ पूर्ण आणि किमान ४० तासांचं उड्डाण. शिकायला सुरुवात करताना विद्यार्थी परवाना काढावा लागतो, तो वयाच्या १६ व्या वर्षापासून मिळतो. लेखी परीक्षा डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना निराळा.

पैसे भरण्याआधी क्लास टू मेडिकल करून घ्या. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच ते होतं. चष्मा असला तरी सहसा अडत नाही, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर मामला गंभीर होतो. आधी फी भरून मग डॉक्टरकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांची अवस्था बघवत नाही. आणि फी भरताना तासाच्या दरात इंधन, इन्स्ट्रक्टर, लँडिंग चार्जेस, कर यांतलं काय काय धरलंय ते लेखी घ्या.

आता मुंबईत काय करता येतं ते सांगतो, कारण शहरात राहण्याचे फायदे खूप आहेत. मुंबई विमानतळाचा हवामान अहवाल, ज्याला मेटार म्हणतात, दर अर्ध्या तासाने निघतो. रोज सकाळी तो वाचा आणि गच्चीवर जाऊन समोरच्या आकाशाशी ताडून पाहा. अहवालात दृश्यमानता २५०० मीटर लिहिली असेल, तर तुमच्या गच्चीवरून नेमकं कुठपर्यंत दिसतंय? दोन महिन्यांत नजर तयार होते. नजरेच्या भरवशावर उडण्यासाठी साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुरक्यात पाच किलोमीटर म्हणजे किती कमी दिसतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो आकडा कायमचा समजतो. हवेचा दाबही बघत जा. मुंबईत थंडीत तो १०१५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, ऐन पावसाळ्यात १००३-०४ पर्यंत उतरतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरले, तर एवढ्या फरकाने उंचीमापक, म्हणजे अल्टीमीटर, तीनशे फुटांनी चुकेल. अल्टीमीटर दर वेळी दाबानुसार का लावायचा, याचं याहून चांगलं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही.

रेडिओची भाषा बेस्टच्या बसमध्ये बसल्या बसल्या शिकता येते. समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचायची: माइक होटेल झीरो टू, पुढे अक्षरं, पुढे आकडे. तीनला ट्री, पाचला फाइफ, नऊला नाइनर. भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवात व्हिक्टर टँगोने होते, ते तोंडात इतकं बसलं पाहिजे की लँडिंगच्या गडबडीतही अडखळायला होऊ नये. टॉवरने सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवणं, म्हणजे रीडबॅक, याचा सराव घरच्या कुणाला तरी समोर बसवून करा. घरच्या कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर चेकलिस्ट पाठ करायला उत्तम. विमान हाताळण्यासाठी मात्र मी त्यावर फारसा भर देणार नाही, कारण त्याने डोळे काट्यांना खिळतात आणि आपल्याला तर बाहेर बघायचं असतं.

मैदानावरची सकाळ सुरू होते ती तपासणीने. त्यातली इंधनाची तपासणी मला सगळ्यांत जवळची. पंखाखालच्या झडपेतून छोट्या पारदर्शक कपात इंधन काढायचं. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. कप पांढऱ्या पंखासमोर धरून रंग बघायचा, मग तळ बघायचा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे असेल तर खाली थेंब होऊन बसतं आणि कप हलवला की तो थेंब घरंगळतो. रात्रभर विमान बाहेर उभं असेल, टाकी अर्धी असेल, हवेत दमटपणा असेल, तर हे हमखास बघायचं. दोन्ही टाक्यांचं, प्रत्येक झडपेचं. घाई असली तरी हे सोडायचं नाही.

उन्हाळ्यात दुसरा विषय येतो, तापलेल्या हवेचा. समजा मैदान समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात तिथे ११ अंश तापमान धरलं जातं. प्रत्यक्षात ४० अंश आहे. फरक २९ अंशांचा, आणि दर अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने विमानाला ती हवा साडेपाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, धाव लांब, चढण मंद. मुंबईच्या समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला हे आतून जाणवलेलं नसतं, म्हणून मे महिन्यात दुपारी उडायचा हट्ट धरू नका. पहाटेची वेळ मागा.

टेकऑफ, लँडिंग, स्टॉल (म्हणजे पंखांची उचल तुटणं) यांबद्दल मी लांबण लावत नाही. ते इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसूनच येतं. एवढंच सांगतो, की जमिनीला टेकताना नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवा, नाकापुढे नको. आणि पहिल्या सोलोला, म्हणजे एकट्याने करायच्या उड्डाणाला, इन्स्ट्रक्टर उतरले की विमान हलकं होतं, नेहमीपेक्षा चटकन वर जातं. ते अपेक्षित ठेवा.

माझा जीव अडकलाय तो नॅव्हिगेशनमध्ये. परवान्यासाठी एकट्याने किमान १५० सागरी मैलांचा (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, पुढेही मैल म्हणजे हाच) प्रवास करून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावं लागतं. त्याची तयारी म्हणून धुळे-जळगाव हा टप्पा घ्या. अंतर जवळजवळ ५० सागरी मैल, दिशा जवळपास थेट पूर्व. दहा लाखास एक प्रमाणाच्या नकाशावर ही रेघ नऊ सेंटिमीटरच्या आसपास भरते. रेघ आखली की तिच्यावर खुणा निवडायच्या: साधारण २० मैलांवर पारोळा, तिथून पुढे एरंडोल, मग गिरणा नदी, मग जळगाव. ९० नॉट, म्हणजे ताशी ९० सागरी मैल वेगाने मिनिटाला दीड मैल, म्हणजे पारोळा सुमारे तेराव्या-चौदाव्या मिनिटाला यायला हवं. ही मिनिटं रेघेच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची.

आता वारा. वाऱ्याचा वेग १५ नॉट असेल आणि तो बरोबर आडवा असेल, तर ६० गुणिले १५ भागिले ९०, म्हणजे जास्तीत जास्त दहा अंश नाक वाऱ्याकडे वळवावं लागेल. तिरका असेल तर त्याहून कमी. गोल फ्लाइट कॉम्प्युटरवर, म्हणजे हाताने फिरवायच्या हिशेबाच्या तबकडीवर, नेमकं उत्तर काढायचंच, पण हा ठोकताळा डोक्यात हवा, म्हणजे कॉम्प्युटरवर चाळीस अंश आले तर काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं.

हवेत गेल्यावरचा क्रम हा सगळ्यांत महत्त्वाचा: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. किती मिनिटं झाली ते बघायचं, त्यावरून नकाशावर आपण कुठे असायला हवं ते ठरवायचं, आणि मगच खाली मान घालून ती खूण शोधायची. उलट क्रमाने गेलं की मन फसवतं. खाली एखादं गाव दिसतं, आणि नकाशावरचं कुठलंही गाव त्याला चिकटवता येतं. खानदेशात वरून पाहिलं तर सगळीच गावं एकसारखी: पत्र्यांची छपरं, एक देऊळ, बाजूला कापसाची शेतं. रोज लोकलने जाणारा माणूस डुलकीतून जागा होऊन बाहेर न बघता घड्याळावरून घाटकोपर आलं म्हणून सांगतो, तीच सवय इथे लावायची.

आमचे इन्स्ट्रक्टर या बाबतीत कडक होते. विद्यार्थी म्हणायचा, "सर, पारोळा दिसत नाहीये." ते बाहेर बघायचेही नाहीत. "घड्याळ काय म्हणतंय?" "अकरावं मिनिट." "मग आत्ता कशाला दिसेल? दिशा धर, उंची धर."

खुणा निवडतानाही ऋतू लक्षात घ्या. गिरणा नकाशावर निळी रेघ आहे. एप्रिलमध्ये वरून ती पिवळ्या वाळूचा रुंद पट्टा दिसते, मधून पाण्याची एखादी बारीक धार. पाणी शोधत बसलात तर नदी ओलांडून पुढे निघून जाल. छोटे तलाव उन्हाळ्यात नाहीसे होतात, पावसाळ्यानंतर नकाशावर नसलेली डबकी चमकतात. रेल्वेमार्ग, महामार्गावरचं वळण, नदीवरचा पूल, हे भरवशाचे. एकच खूण पुरेशी समजू नका, दोन-तीन गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसला पाहिजे. गाव आहे, पण महामार्ग त्याच्या कुठल्या बाजूने जातो? नदी किती दूर?

समजा पारोळ्याशी आलात आणि लक्षात आलं की रेघेच्या डावीकडे दोन मैल सरकलोय. इथे साठास एकचा नियम वापरायचा. साठ मैलांवर एक मैल म्हणजे एक अंश. वीस मैलांत दोन मैल म्हणजे सहा अंश वाहवलो. उरलेल्या तीस मैलांत ते दोन मैल भरून काढायचे तर आणखी चार अंश. बेरीज दहा, उजवीकडे दहा अंश वळा, जळगाव समोर येईल. आपल्याकडे होकायंत्राचा चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि काट्याची उत्तर यांतला फरक, शून्याच्या जवळपास असल्याने हिशेब आणखी सोपा होतो. हा तोंडी हिशेब जमला त्या दिवशी मला झालेला आनंद सोलोपेक्षा मोठा होता. यंत्राविना, चार आकड्यांवरून माणूस आपली जागा शोधून काढतो, यात काहीतरी फार सुंदर आहे.

यावर कुणी म्हणेल, अनुभव असला की एवढं करायची गरज काय? त्यांना मी पुन्हा जुहूकडे नेतो. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. दोन्ही वैमानिक मुरलेले. पण सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९-२७, जुहूची ०८-२६ (हे आकडे म्हणजे दोन्ही टोकांच्या दिशेचे अंश, शेवटचं शून्य सोडून). दिशेत जेमतेम दहा अंशांचा फरक, दोन्हीकडे तोच समुद्र, तीच वस्ती. अपेक्षित दिशेला धावपट्टी दिसली आणि मनाने होकार दिला. म्हणून दिशा जुळली तरी लांबी, शेजारचे रस्ते, टर्मिनल, वेळ, हे सगळं ताडून बघायचं.

टॅब्लेटवरचं जीपीएस मी वापरतो आणि तुम्हीही वापरा, पण परवाना हातात आल्यावर. शिकताना ते पिशवीतच असू द्या. आधीपासून निळा ठिपका बघायची सवय लागली की डोळे खिडकीबाहेर जात नाहीत, आणि नियंत्रण कक्ष नसलेल्या मैदानाजवळ दुसरं विमान दिसतं ते खिडकीतूनच.

वेळापत्रक मुंबईतूनच आखा. जूनमध्ये सुरुवात केलीत तर पावसाळ्याचे चार महिने मेडिकल, अर्ज आणि लेखी परीक्षेला द्या, कारण ढग खाली आले की उड्डाणं एकामागून एक रद्द होतात आणि हॉस्टेलचं भाडं चालूच राहतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उडण्याचा मोसम. नोकरीवाल्यांनी शनिवार-रविवारवर विसंबू नये, सुट्या साठवून सलग तीन-चार आठवड्यांसाठी जावं. दोन उड्डाणांत महिना गेला तर हात विसरतो आणि मागचाच धडा पैसे मोजून परत गिरवावा लागतो. मोसमाची जागा ऑगस्टमध्येच पक्की करा, आणि किती विमानं खरोखर उडण्याच्या स्थितीत आहेत ते फोनवर न विचारता एकदा स्वतः जाऊन, हँगरमध्ये उभं राहून बघून या.