समुद्रकिनारा निवडावा कसा: नकाशापासून पाण्याच्या कडेपर्यंत

एखाद्या देशाचा किनारा शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब असतो. पण 'सर्वोत्तम किनाऱ्यां'च्या याद्यांमध्ये मात्र तीच दहा-बारा नावे फिरून फिरून येत राहतात. या याद्या अगदीच निरुपयोगी नसतात. मात्र त्यांतील छायाचित्र कोणत्या महिन्यात आणि भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यावर टिपले होते, हे त्या सांगत नाहीत. ओहोटीला विस्तीर्ण दिसणारी पुळण भरतीच्या वेळी चार पावलांपुरती उरू शकते, त्यामुळे किनारा शोधताना जागा आणि वेळ या दोन्हींची निवड एकत्रच करावी लागते.

आपल्याला तिथे काय करायचे आहे, हे आधी ठरवावे. लहान मुलांना पाण्यात खेळवायचे असेल तर एक किनारा योग्य ठरतो, लाटांवर स्वार व्हायचे असेल तर त्याच्या नेमका उलट, आणि नुसते चालत राहायचे असेल तर तिसराच.

त्यानंतर नकाशा उघडावा. किनारारेषा कुठे सरळ आहे, कुठे आत वळली आहे आणि कुठे भूशिर समुद्रात घुसले आहे, हे शांतपणे पाहावे. उथळ पाण्यात लाटांचा वेग कमी होत असल्याने त्या वळतात. त्यांची शक्ती भूशिराच्या टोकावर एकवटते आणि उपसागराच्या कुशीत विखुरते. म्हणूनच दोन भूशिरांमधली अर्धचंद्राकार पुळण पोहण्यासाठी बहुधा सौम्य असते, तर खुल्या समुद्राला तोंड देणारा सरळ किनारा लाटांच्या रसिकांना आवडतो. वाऱ्याची दिशाही याच वेळी तपासावी. देशाला दोन बाजूंनी समुद्र असेल, तर एका बाजूला खवळलेले पाणी असताना दुसऱ्या बाजूला ते शांत असणे सहज शक्य असते. नदीचे मुख जिथे दिसेल तिथून थोडे दूरच राहावे, कारण तिथे पाणी गढूळ असते आणि प्रवाहही फसवे असतात.

उपग्रहचित्रांचा उपयोग याच टप्प्यावर होतो, पण एकाच तारखेच्या चित्रावर विसंबू नये. वादळी ऋतूतील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि पाण्याखाली तिचे दांडे तयार करतात. शांत ऋतूतील लांबट लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे उन्हाळ्यात मऊ वाळूचा असलेला किनारा हिवाळ्यात निव्वळ गोट्यांचा दिसू शकतो. जुन्या तारखांची चित्रे पाहण्याची सोय असेल, तर आपण जाणार आहोत त्याच महिन्याची चित्रे पाहावीत.

वाळूचा कण किती मोठा आहे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण मला तो छायाचित्रातल्या निळाईपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. भरड वाळूतून किंवा गोट्यांमधून लाटेचे पाणी चटकन झिरपते, परतीच्या पाण्याचा जोर कमी होतो आणि वर आलेली वाळू तिथेच राहते. त्यामुळे भरड वाळूचे किनारे तीव्र उताराचे असतात. अशा ठिकाणी लाट थेट कडेलाच आपटते आणि दोन-चार पावलांतच पाणी डोक्यावर जाऊ शकते. बारीक वाळूचा किनारा सपाट आणि घट्ट असतो. तिथे लाटा दूरवर फुटतात आणि मुलांना गुडघाभर पाण्यात बराच वेळ खेळता येते. मात्र ओहोटीला पाणी इतके मागे जाते की पोहण्यासाठी लांबवर चालत जावे लागते.

भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय निघूच नये. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि त्या दिवसांत ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने हा फरक सर्वांत कमी असतो. अर्थात हे प्रमाण जागोजागी फार बदलते: कॅनडातील फंडीच्या उपसागरात पाण्याची पातळी सुमारे 16 मीटरपर्यंत वरखाली होते, तर भूमध्य समुद्राच्या बहुतांश भागात हा फरक अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. कड्याखालच्या पुळणीवर भरतीत परतीची वाट बंद होते, हे विशेष लक्षात ठेवावे.

हवा गरम म्हणजे पाणीही गरम, असा समज करून घेऊ नये. कॅलिफोर्निया, पेरू, नामिबिया अशा किनाऱ्यांवर खोलातले थंड पाणी वर येत असल्याने भर उन्हातही समुद्र गार असतो. इतरत्रही पाणी हवेपेक्षा उशिरा तापते, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस ते सर्वांत ऊबदार मिळते.

पाण्याच्या स्वच्छतेसाठी प्रसिद्धीपत्रकांऐवजी तपासणीचे अहवाल पाहावेत. युरोपीय संघात पोहण्याच्या पाण्यातील आतड्यांमधल्या जिवाणूंचे प्रमाण मोजून 'उत्कृष्ट'पासून 'निकृष्ट'पर्यंत श्रेणी दिली जाते. 1985 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला 'ब्लू फ्लॅग' हा दर्जा आता अनेक देशांत दिला जातो. त्यात पाण्याबरोबरच सुरक्षितता आणि सोयीसुविधाही पाहिल्या जातात, पण अर्ज केल्याशिवाय तो मिळत नाही. साहजिकच दुर्गम आणि अस्पर्शित किनाऱ्यांवर हा झेंडा बहुधा दिसत नाही. जोरदार पावसानंतर मात्र कोणत्याही दर्जाच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवस पाण्यात उतरणे टाळावे, कारण नाले आणि सांडपाणी याच वेळी समुद्राला मिळते.

शक्य असेल तर सकाळीच पोहोचावे. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि पाण्यावर खळबळ माजते. पोहोचल्यावर लगेच पाण्यात न शिरता दहा मिनिटे उंचावर उभे राहून लाटा पाहाव्यात. फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मध्ये एखादा गडद, शांत पट्टा दिसला, तर तोच पोहण्यास सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तिथूनच पाणी वेगाने समुद्राकडे परतत असते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे. जीवरक्षकांनी लावलेले लाल-पिवळे झेंडे असतील, तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. आणि नुसता लाल झेंडा फडकत असेल, तर त्या दिवशी वाळूवरूनच समुद्र पाहावा.