खरं इंजिन आधी मोजा, मॉडेल नंतर घ्या: इंजिनांच्या संग्रहात या चुका टाळा

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात विजेवर चालणारं एक जुनं इंजिन उभं आहे. मधोमध केबिन, पुढे-मागे लांब नाकाडं, आणि वाफेच्या इंजिनासारखे चाकांना जोडणारे दांडे. हे डब्ल्यूसीजी-१, ब्रिटिश काळातल्या जीआयपी रेल्वेत ईएफ/१ म्हणून ओळखलं जाणारं. १५०० व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या या इंजिनांनी बोरघाट आणि थळघाटातून वर्षानुवर्षं मालगाड्या ओढल्या. रूपावरून त्यांना सगळे ‘क्रोकोडाइल’ म्हणतात.

माझ्या मॉडेल इंजिनांच्या संग्रहातली पहिली मोठी चूक याच इंजिनापायी झाली. ‘भारतीय क्रोकोडाइल’ म्हणून एका विक्रेत्याकडून एचओ स्केलचं (खऱ्याच्या १:८७ मापाचं) मॉडेल घेतलं. रंग आणि नंबर भारतीय, किंमत माझ्या दोन महिन्यांच्या बचतीएवढी. नंतर वरळीला जाऊन खऱ्या इंजिनाची चाकं मोजली. एका बाजूला सहा. घरी येऊन मॉडेलची मोजली, तर आठ. ते स्विस रेल्वेचं सीई ६/८ होतं, वरून रंगवलेलं. त्या नावातच सगळं लिहिलेलं असतं: आठ आसांपैकी (आस म्हणजे चाकांची जोडी जोडणारा दांडा) सहा ओढणारे, उरलेले दोन टोकांचे आस नुसते वाट दाखवणारे. आपल्या डब्ल्यूसीजी-१ ला टोकाची ती लहान चाकं नाहीतच. पहिली काही भारतीय इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमध्येच बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. त्यामुळे दोघांत नातं आहे, पण ही जुळी भावंडं नव्हेत.

रंगवलेलं मॉडेल घेण्यात गैर काही नाही. भारतीय इंजिनांची तयार मॉडेलं मुळात कमी, त्यामुळे परदेशी मॉडेल कापून, जोडून, रंगवून भारतीय करणं हा आपल्याकडचा जुना आणि मानाचा उद्योग आहे. फक्त आपण काय घेतोय ते पैसे देण्याआधी माहीत हवं.

डिझेलच्या बाबतीत तर हा घोळ रोजचा. डब्ल्यूडीएम-२ आपल्या सगळ्यांच्या लहानपणातलं इंजिन. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डीएल-५६०सी, २६०० अश्वशक्तीचं. १९६२ पासून तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. मग अल्कोचं कुठलंही अमेरिकन मॉडेल, उदाहरणार्थ आरएसडी-१५, भारतीय रंगात ‘डब्ल्यूडीएम-२’ म्हणून विकलं जातं. आतलं सोळा सिलिंडरचं २५१ मालिकेचं इंजिन आणि खालची तीन आसांची ट्रायमाउंट बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) त्याच घराण्यातली, हे खरं. पण अंगकाठी निराळी, लांबी जास्त. फोटो शेजारी ठेवून खिडक्या, जाळ्या आणि नाकाची उंची बघितली की पाच मिनिटांत उलगडा होतो.

माझा नेम असा: आधी बोगी बघायची, मग अंग, रंग सगळ्यात शेवटी. रंग कोणीही बदलतो, बोगी बदलायला कष्ट पडतात. ट्रायमाउंट बोगीत तीन आसांमधली दोन अंतरं सारखी नसतात. हे एकदा डोळ्यात बसलं की फलाटावर उभं राहूनसुद्धा ओळखता येतं. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए या डिझेल इंजिनाची हाय अ‍ॅडहीजन (रुळाला घट्ट धरणारी) बोगी दिसायलाच वेगळी. तेव्हा ट्रायमाउंट बोगीवर ‘डब्ल्यूडीजी-३ए’ लिहिलेलं मॉडेल समोर आलं तर थांबा. ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घराण्यात डब्ल्यूडीपी-४ आणि ४बी यांचंही असंच आहे: पहिल्याच्या प्रत्येक बोगीत दोनच आस ओढणारे, दुसऱ्याचे तिन्ही.

काळाची गल्लत ही त्याच्या पुढची चूक. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. पुढे १९५०च्या दशकात आलेलं विजेवरचं डब्ल्यूसीएम-१ हे तिचं सगळ्यात लाडकं इंजिन. पण जून २०२२ मध्ये गाडीला मिळालेल्या हिरव्या-लाल एलएचबी (नव्या जर्मन धाटणीच्या) डब्यांपुढे डब्ल्यूसीएम-१ लावलं, तर दोन काळ एका रुळावर येतात. तुमच्या घरी तुमचं लेआउट, हवं ते चालवा. मात्र कपाटात गाडी म्हणून मांडणार असाल तर इंजिन, डबे, रंग आणि शेडचं नाव एकाच दशकातलं असू द्या. जुन्या डब्ल्यूडीएम-२ मधली अनेक इंजिनं ३१०० अश्वशक्तीची होऊन डब्ल्यूडीएम-३ए झाली आणि त्यांच्या नंबरामागे ‘आर’ लागला. एवढ्याशा अक्षरावरून मॉडेलचं वय कळतं.

फूटपट्टी विसरू नका

एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर धावतात, म्हणून नवा माणूस दोन्ही एकत्र घेतो आणि मग एक इंजिन दुसऱ्यापुढे थोराड दिसतं. हिशेब सोपा आहे. डब्ल्यूडीएम-२ बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर. एचओमध्ये ते साधारण १९७ मिलिमीटर भरायला हवं, ओओमध्ये २२५, आणि १:१६० च्या एन स्केलमध्ये १०७. विक्रेत्याला फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो मागा. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

रुळांच्या रुंदीची एक तडजोड मात्र आपल्या सगळ्यांनाच करावी लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एचओच्या मापात तो साधारण १९.३ मिलिमीटर होतो. बाजारातला रूळ १४३५ च्या युरोपीय गेजसाठीचा. म्हणजे आपली इंजिनं एचओमध्ये थोडी पाय आवळून उभी असतात. ती चूक मानू नका. नेरळ-माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरच्या रुळावर धावते. एचओत त्याचे ७ मिलिमीटर होतात. ती ९ मिलिमीटरच्या रुळावर ठेवली की मात्र पार बेढब दिसते, कारण तो रूळ एचओत ७६२ च्या गेजसाठी, म्हणजे कालका-शिमल्यासाठी शोभतो.

मोठ्या प्रमाणावर हे सगळं कसं जमतं ते बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे अर्धा दिवस काढा. नुसत्या गाड्या न बघता वळणं किती मोठी ठेवलीत तेही बघा.

कारण वळणावरच घरोघरी रडारड होते. सहा आसांचं को-को (दोन बोगी, प्रत्येकीत तीन ओढणारे आस) इंजिन ३७१ मिलिमीटर त्रिज्येच्या लहान वळणावर घातलं की मधला आस रुळावरून उचलला जातो, आणि दोष दिला जातो इंजिनाला. मोठ्या इंजिनांना साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासची त्रिज्या द्या. त्यावरही गाडी फक्त सांध्यावरच (गाडी रूळ बदलते तिथेच) घसरत असेल तर चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. एक चाक आसावर किंचित सरकलेलं असतं आणि आपण महिनाभर रूळ उचकटत बसतो.

चालेना झालं तर

इंजिन झटके देत थांबतंय, बोटाने ढकललं की पुन्हा चालतंय: मोटर उघडू नका. दहापैकी नऊ वेळा चाकांवर काळा मळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने चाकं आणि रूळ पुसा. पॉलिशपेपर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत पुढचा मळ अधिक घट्ट बसतो.

मोटर गुणगुणते पण इंजिन हलत नाही: वर्षानुवर्षं पेटीत राहिलेल्या इंजिनाचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. व्होल्टेज वाढवून जोर लावणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक; मोटर जळते. गिअर उघडून जुनं ग्रीस काढा आणि प्लास्टिकला चालणारं नवं लावा, टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच.

चालताना ठरावीक लयीत टिक-टिक येते: आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला आहे. गोंदाने चिकटवू नका, तो टिकत नाही. बदली गिअर मिळतो.

रुळावर ठेवताच शॉर्ट सर्किट: जर्मनीतल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेलं मेर्कलिन या जर्मन कंपनीचं जुनं इंजिन असण्याची शक्यता मोठी. ते एसीवर, मधल्या खुंट्यांना घासणाऱ्या पट्टीने वीज घेतं. दोन्ही चाकं एकमेकांपासून विलग केलेली नसतात. आपल्या दोन रुळांच्या डीसीवर ते चालणार नाही. त्यात इंजिनाचा दोष नाही, त्याला त्याचा रूळ द्या. तसंच डीकोडर (डिजिटल आज्ञा वाचणारं सर्किट) नसलेलं साधं इंजिन डीसीसीच्या, म्हणजे डिजिटल नियंत्रणाच्या रुळावर उभं ठेवू नका. मोटर कण्हते, तापते, आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर काही मिनिटांत जाते.

आपल्या हवेतले शत्रू

मुंबई-कोकणातल्या संग्राहकाने सगळ्यात जास्त सांभाळावं ते दमट हवेपासून. जुन्या मॉडेलांची चौकट जस्ताच्या मिश्रधातूची असते. ओतताना त्यात शिसं मिसळलं असेल तर धातू आतून कुजतो, फुगतो, तडे जातात आणि शेवटी हातात भुगा येतो. दमटपणाने हे लवकर होतं. यावर इलाज नाही, आणि जुनं इंजिन घेताना खालच्या बाजूचा जवळून फोटो मागायचा तो याचसाठी: केसासारखे तडे, बाक आलेली चौकट, न बसणारं वरचं अंग. बरेच जण असं इंजिन सापडलं की बाकीच्यांना लागण होईल म्हणून घाबरतात. लागण होत नाही. दोष त्याच ओतकामात असतो.

मूळ पेटी जपा, पण आतला फोम जपू नका. तो काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला धरतो. माझ्या एका डब्ल्यूडीएम-२ च्या छतावर त्याचे डाग कायमचे आहेत. त्याऐवजी आम्लरहित पातळ कागदात गुंडाळा, पेटीत सिलिका जेल ठेवा आणि ते पावसाळ्यात दर महिन्याला बदला. काचेचं कपाट खिडकीसमोर नको, लाल रंग उन्हाने सगळ्यात आधी उडतो.

पाऊस संपला की ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात मी सगळी इंजिनं बाहेर काढतो. प्रत्येक इंजिन पंधरा मिनिटं पुढे, पंधरा मिनिटं मागे, अगदी सावकाश. कोणतं अडखळलं, कोणतं कुरकुरलं ते वहीत त्याच्या नंबरापुढे लिहितो आणि त्या रात्री तीच इंजिनं टेबलावर ठेवतो, बाकीची परत पेटीत.