भंगारातलं सीएनसी मिलिंग मशीन घरी परत चालू करायचंय? मग आधी लोखंड बघा

कारखान्यातलं छोटं सीएनसी मिलिंग मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू-लाकूड कापणारं मशीन) भंगारात जातं ते बऱ्याचदा कंट्रोल (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स) मेला म्हणून, लोखंडाला काही झालेलं नसतं. गोव्यात वेर्ण्याला, कुंडईला नाहीतर बेळगावला उद्यमबागेत, अशा औद्योगिक वसाहतींत, कोण ओळखीचं असेल तर सांगून ठेवा.

बघायला जाताना डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मोजमापाचं साधन) आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊनच जा. स्क्रीन, मोटर, ड्राइव्ह (मोटरला वीज देणारा बोर्ड) जळलेलं असलं तरी चालतं, ते सगळं बदलता येतं, पण स्लाइड (टेबल ज्यावर सरकतं तो लोखंडी पृष्ठभाग) झिजली असेल तर मशीन घेऊच नका. ओळखायचं कसं? टेबल हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मधे सैल आणि टोकांना घट्ट लागलं की समजायचं मधला भाग झिजलाय, कारण सगळं काम मधेच होतं.

घरी आणल्यावर लगेच वायरिंगला हात घालायचा मोह होतो, तो आवरा. आपल्याकडे पहिला शत्रू गंज. स्लाइडवर रॉकेल ओतून रात्रभर ठेवा, सकाळी स्कॉचब्राइटने हळू घासा, ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर अजिबात नको, स्लाइडचा सपाटपणा एकदा गेला की घरी परत येत नाही. नट-बोल्ट, ब्रॅकेट असले सुटे पार्ट व्हिनेगरमधे बुडवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा आणि पुसून ताबडतोब ऑइल लावा, पावसाळ्यात तर तसंच ठेवलं की बघता बघता परत लाल होतं. आणि हो, टेबल सरकवणाऱ्या बॉल स्क्रूवरचा नट फिरवून बाहेर काढू नका, आतल्या बारीक गोळ्या जमिनीवर पडतात आणि परत भरणं म्हणजे डोकेदुखी.

स्लाइडला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल घाला. मग प्ले, म्हणजे दिशा बदलताना फुकट जाणारी हालचाल, बघायचा. गेज टेबलाला टेकवा, एका दिशेने फिरवून सुई शून्यावर आणा, मग उलट फिरवा आणि सुई हलेपर्यंत हँडल किती फिरलं ते बघा, तेवढा प्ले. बऱ्याचदा स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग सैल असतं, आधी ते घट्ट करा, सॉफ्टवेअरमधे भरपाई टाकणं सगळ्यात शेवटी.

आता इलेक्ट्रिकल. जुन्या पॅनलचे मोठे कपॅसिटर मेन बंद केल्यावरही चार्ज धरून असतात, थांबा, मीटरने तपासा, मगच हात लावा. घरात सिंगल फेज असेल तर स्पिंडलसाठी (कटर फिरवणारा भाग) सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) घ्या, पण तो बाहेर साधारण २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो, म्हणून मोटरची प्लेट नीट वाचा: २३० डेल्टा, ४१५ स्टार (मोटरच्या वायरी जोडायच्या दोन पद्धती) असं लिहिलं असेल तर डेल्टात जोडा, नुसतं ४१५ असेल तर पूर्ण ताकद मिळणार नाही. अर्थिंग चांगलंच पाहिजे. इमर्जन्सी स्टॉपने कॉन्टॅक्टर (मोठा इलेक्ट्रिक स्विच) पडून पॉवरच तुटली पाहिजे, नुसता सॉफ्टवेअरला सिग्नल नको, यात तडजोड नाही.

कंट्रोलसाठी दोन सोपे रस्ते आहेत. हलक्या कामाला आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल हे सॉफ्टवेअर पुरतं. पण जुन्या मशीनला मी कॉम्प्युटरवर चालणारं लिनक्ससीएनसीच सांगेन, त्यात प्लेची भरपाई आहे, जीआरबीएलमधे नाही. पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची केबल लागायची ते सॉकेट) असलेला जुना डेस्कटॉप शोधा, लॅपटॉप बहुतेक वेळा टायमिंगला मार खातो, लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर सिग्नलला किती उशीर लावतो ते मोजणारी चाचणी) लावली की कळतंच.

मग स्टेपचा हिशोब. स्टेपर मोटर (ठरलेल्या छोट्या पावलांनी फिरणारी मोटर) सहसा एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्राइव्हवर ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ भाग) ठेवले की १६००, स्क्रूची पिच (एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) ५ मिलिमीटर आणि मोटर स्क्रूला थेट जोडलेली, म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप. १०० मिलिमीटर सांगून ९९.६ जात असेल तर आकडा बदलून चूक झाकू नका, कपलिंगचा (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) स्क्रू सैल आहे का, मोटर स्टेप सोडतेय का ते बघा. मोजताना दर वेळी एकाच दिशेने या, नाहीतर प्ले मोजमापात घुसतो.

पहिला कट लाकडात घ्या, चवथीच्या मखराची एखादी नक्षी कापा, मग ॲल्युमिनियम.

मशीनवर प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो, सुती चादर घाला. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी सगळे ॲक्सिस टोकापासून टोकापर्यंत फिरवा म्हणजे ऑइल सगळीकडे पसरतं, आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा.